‘युद्ध थांबवतो’ म्हणणाऱ्या उमेदवाराला विचारायचा प्रश्न : देणार काय?

कृष्णाकाठ :

अध्यक्षपदाचा एखादा उमेदवार ‘मी निवडून आलो तर हे युद्ध संपवीन’ असे सांगतो, तेव्हा मतदाराने त्या आश्वासनाची पारख कशी करावी? गेले काही महिने अमेरिकेच्या १९६८ च्या निवडणुकीविषयी वाचत असताना हा प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवताना व्हिएतनामचे युद्ध मी दोन परिच्छेदांत आटोपत असे, याची आता खंत वाटते. लोकशाहीतला मतदार युद्धाविषयी निर्णय घ्यायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर काय मांडले जाते आणि काय झाकून ठेवले जाते, हे त्या एका वर्षात फार लख्ख दिसते.

आधी घटनांचा क्रम सांगतो. जानेवारीच्या अखेरीस, तेत या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, उत्तर व्हिएतनामचे सैन्य आणि व्हिएतकाँग म्हणजे दक्षिणेतले कम्युनिस्ट बंडखोर यांनी दक्षिणेतल्या शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी हल्ले चढवले. लष्करी दृष्टीने ते परतवले गेले, पण युद्ध आटोक्यात येत आहे हे सरकारचे म्हणणे अमेरिकन जनतेला त्यानंतर पटेना. १२ मार्चला न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी स्वतःच्याच पक्षाच्या, पदावर असलेल्या अध्यक्षाविरुद्ध ४२ टक्के मते मिळवली. चार दिवसांनी रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले. ३१ मार्चला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामच्या मोठ्या भागावरची बॉम्बफेक थांबवल्याचे जाहीर केले आणि त्याच भाषणाच्या शेवटी आपण पुन्हा उमेदवारी घेणार नाही असे सांगून टाकले. मे महिन्यात पॅरिसला वाटाघाटी सुरू झाल्या, जूनमध्ये केनेडींची हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने युद्धविरोधी गटाचा शांततेचा ठराव फेटाळून उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली, तेव्हा बाहेर रस्त्यावर पोलीस निदर्शकांना झोडपत होते.

आता उमेदवारांचे म्हणणे पाहू. रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन यांनी मार्चमध्येच सांगितले की नवे नेतृत्व युद्ध संपवील आणि शांतता जिंकील. ‘गुप्त योजना’ हे शब्द त्यांच्या तोंडचे नाहीत, ते एका वार्ताहराच्या बातमीतून रूढ झाले. मात्र योजना काय असे विचारल्यावर, पॅरिसच्या बोलण्यांत अडथळा येऊ नये म्हणून मी तपशिलात जाणार नाही, असे ते सांगत. हे उत्तर ऐकायला जबाबदार वाटते, आणि मला वाटते तिथेच मतदार फसला. हम्फ्री यांची अडचण वेगळी होती. चार वर्षे ते ज्या सरकारात उपाध्यक्ष होते त्याचेच हे युद्ध होते, त्यामुळे सभांमध्ये त्यांची हुर्यो उडवली जात असे. सप्टेंबरच्या अखेरच्या गॅलप पाहणीत निक्सन ४३, हम्फ्री २८ आणि तिसऱ्या पक्षाचे जॉर्ज वॉलेस २१ असे आकडे होते. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीच्या भाषणात हम्फ्री यांनी सांगितले की शांततेसाठी पत्करण्याजोगा धोका म्हणून मी उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवीन. जॉन्सन यांच्यापासून ते केवळ एक पाऊल दूर सरकले होते, आणि तेही अटी घालून. तरीही त्यानंतर अंतर घटत गेले आणि मतदानाच्या तोंडावर दोघांत दोनच टक्क्यांचा फरक राहिला. वॉलेस यांच्याविषयी फार लिहीत नाही. त्यांचे जोडीदार उमेदवार जनरल कर्टिस लमे यांनी पहिल्याच वार्ताहर परिषदेत अण्वस्त्रांची भाषा केली, एवढे पुरे.

खरे अडले होते ते कशात? अमेरिकेचे म्हणणे होते की आम्ही सैन्य काढू, पण उत्तरेनेही दक्षिणेतले आपले सैन्य काढले पाहिजे. हनोईचे, म्हणजे उत्तर व्हिएतनामचे, म्हणणे होते की दक्षिणेत आमचे सैन्य परके नाही, आणि दक्षिणेचे अध्यक्ष थिएउ यांचे सरकार आम्हाला मान्य नाही. म्हणजे उत्तरेचे सैन्य राहणार की जाणार, आणि सायगावला, म्हणजे दक्षिणेच्या राजधानीत, राज्य कोणाचे, या दोन गाठी सुटल्याशिवाय युद्ध संपणार नव्हते. पाच वर्षांनी, २७ जानेवारी १९७३ ला, पॅरिसला जो करार झाला त्यात अमेरिकेने पहिली गाठ सोडली, म्हणजे उत्तरेचे सैन्य दक्षिणेत राहू दिले. आणि हनोईने दुसरी गाठ सोडली, म्हणजे थिएउ पदावर राहिले. १९६८ च्या प्रचारात ५ नोव्हेंबरपर्यंत एकाही प्रमुख उमेदवाराने जनतेला असे सांगितले नाही की शेवटी उत्तरेचे सैन्य तिथे राहू द्यावे लागेल. निक्सन यांच्या शपथविधीनंतर या युद्धात वीस हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले. मेलेल्या व्हिएतनामींची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे.

म्हणून माझे मत असे झाले आहे की उमेदवाराने दिलेली मुदत, त्याची तळमळ आणि त्याचा लष्करी अनुभव या तिन्ही गोष्टी दुय्यम आहेत. पहिला प्रश्न असा हवा की आज आपण ज्यावर अडून बसलो आहोत त्यातले तुम्ही काय सोडणार, आणि समोरचा तेवढ्यावर तयार होईल असे तुम्हाला कशावरून वाटते? ज्याच्याकडे याचे उत्तर नाही त्याच्याकडे योजना नाही. आपली मते वाचायला आवडतील.

दूरदेशी :

कृष्णाकाठ, आपण लिहिलेल्या वर्षी मी तिथे होतो, म्हणून थोडे लिहितो. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये मी पुण्याहून मध्य-पश्चिमेतल्या एका विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पुढच्या शिक्षणासाठी गेलो. वसतिगृहात माझ्या खोलीत एका शेतकऱ्याचा मुलगा होता, वय एकोणीस. ३१ मार्चला रविवार होता. तळमजल्यावरच्या दूरचित्रवाणीसमोर आम्ही तीस-चाळीस जण बसलो होतो आणि हा मुलगा मागे, भिंतीजवळच्या टेबलावर, सोमवारचा शर्ट इस्त्री करत होता. जॉन्सन यांनी शेवटची वाक्ये उच्चारली तेव्हा आधी कोणाला कळलेच नाही. मग एकदम आरोळ्या उठल्या, लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले, कोणी जिन्याने वर पळत गेले. हा मात्र इस्त्री हातात उचलून तसाच उभा राहिला आणि मला म्हणाला, ‘म्हणजे आता संपणार ना?’ शर्टाच्या बाहीवर तांबूस डाग पडला होता, तो त्याने नंतर पाहिला.

आम्ही त्या रात्री असेच धरून चाललो की आता नवा अध्यक्ष येईल, तो कोणी का असेना, आणि युद्ध संपेल. आपण विचारता तो प्रश्न त्या खोलीत कोणीही विचारला नाही. मीही नाही.

एक गोष्ट तरुण वाचकांना माहीत नसेल. आम्हा विद्यार्थी व्हिसावाल्यांना सक्तीच्या लष्करभरतीसाठी नाव नोंदवावे लागत नसे, परंतु ग्रीन कार्ड घेतलेल्या तरुणांना, ते नागरिक नसले तरी, नोंदवावे लागे. १९६५ च्या कायद्याने भारतीयांना तिथे स्थायिक होण्याचे दार नुकतेच उघडले होते, आणि आमच्यातले कित्येक जण अर्ज भरावा की युद्ध संपेपर्यंत थांबावे याचा हिशेब रात्र रात्र करत असत. त्यामुळे ती निवडणूक आम्हाला परक्यांची वाटत नव्हती.

पंचगंगा :

धागा उत्तम आहे, पण कसोटी मला पटली नाही. १९५२ चे उदाहरण घ्या. कोरियाचे युद्ध जून १९५० ला सुरू झाले आणि जुलै १९५१ पासून बोलणी चालू होती. २४ ऑक्टोबर १९५२ ला डेट्रॉइटच्या भाषणात आयझेनहॉवर यांनी एवढेच सांगितले की मी कोरियाला जाईन. काय देणार, काय घेणार, एक अक्षर नाही. आपल्या कसोटीवर ते सपशेल नापास होतात. तरीही ते ४४२ विरुद्ध ८९ इलेक्टोरल मतांनी निवडून आले, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खरोखरच कोरियाला गेले आणि २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली. मतदारांनी योजना पाहिलीच नाही, माणूस पाहिला, आणि त्यांचा अंदाज चुकला नाही.

शिवाय, वाटाघाटीच्या आधीच मी काय सोडणार हे भर सभेत सांगणारा माणूस टेबलावर बसतो तेव्हा त्याच्या हातात काय उरते? समोरचा ते आधीच खिशात घालतो आणि पुढचे मागतो. बाजारात साधी बैलजोडी घेतानासुद्धा दोघांचे हात उपरण्याखाली असतात.

कृष्णाकाठ :

पंचगंगा, तुमचा आक्षेप भक्कम आहे आणि मी त्यावर दोन दिवस विचार केला. कोरियाचे युद्ध कशामुळे संपले ते जवळून पाहिले तर माझ्या म्हणण्याला बळच मिळते असे वाटते.

१९५२ पर्यंत सीमारेषेचा प्रश्न जवळजवळ सुटलेला होता. अडले होते ते युद्धकैद्यांवर. चीन आणि उत्तर कोरियाचे हजारो कैदी मायदेशी परत जायला नकार देत होते. अमेरिका म्हणत होती की कोणालाही बळजबरीने पाठवणार नाही, आणि चीन म्हणत होता की सर्वांना परत पाठवलेच पाहिजे. या एका मुद्द्यावर दीड वर्ष गेले, आणि अमेरिकेच्या सैन्याची जवळजवळ निम्मी हानी बोलणी चालू असतानाच झाली. आता तारखा पाहा. आयझेनहॉवर २ ते ५ डिसेंबर १९५२ या काळात कोरियात होते, बर्फात सैनिकांसोबत जेवतानाची त्यांची छायाचित्रे जगभर छापली जात होती. आणि त्याच आठवड्यात, ३ डिसेंबरला, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कृष्ण मेनन यांनी मांडलेला भारताचा ठराव मंजूर केला. कैद्यांसाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमावा, कोणावरही बळाचा वापर होऊ नये, असा त्याचा गाभा होता. चीनने आणि सोव्हिएत रशियाने तो तेव्हा धुडकावला. मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारले, त्यानंतर समोरची बाजू सैल झाली, आणि जूनमध्ये कैद्यांविषयी जो करार झाला तो बराचसा त्याच आराखड्यावर बेतलेला होता.

सांगायचे ते असे की युद्ध संपले तेव्हा दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडले होते, आणि काय सोडावे लागेल हे १९५२ च्या निवडणुकीआधीही दिसत होते. आयझेनहॉवर यांच्याकडे एक गोष्ट मात्र खरोखर होती, ती तुम्ही म्हणता ती: नॉर्मंडीच्या मोहिमेचा सेनापती अर्धा विजय पत्करतो तेव्हा त्याला कोणी भेकड म्हणू शकत नाही. तोच करार त्यांच्या आधीचे अध्यक्ष ट्रुमन यांनी केला असता तर रिपब्लिकन पक्षाने त्यांना सोडले नसते. म्हणून माझ्या कसोटीत मी एक भर घालतो. काय देणार हा एक प्रश्न, आणि ते दिल्यावर घरच्यांचा रोष झेलण्याइतके वजन तुमच्यापाशी आहे का, हा दुसरा.

अणुबॉम्बच्या धमकीने चीन नमला असेही म्हणतात. मे १९५३ मध्ये परराष्ट्रमंत्री डलेस दिल्लीला आले होते आणि आपण नेहरूंकडे तसा इशारा बोलून दाखवला असे त्यांचे म्हणणे होते. तो पुढे पोहोचवल्याचे नेहरूंनी नाकारले. त्या वादात मी शिरत नाही.

माणदेश :

कोरियाचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. ज्या कैद्यांनी परत जायला नकार दिला, त्यांना सांभाळण्याचे काम शेवटी भारताच्या सैन्याकडे आले. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, म्हणजे आपल्या कोल्हापूरकडचे. बावीस हजारांहून अधिक कैदी, त्यांच्यात दोन तट, छावणीच्या आत आपापसांत खून. आणि आपल्या जवानांनी बळ वापरायचे नाही असा दंडक. छावणीला हिंद नगर असे नाव दिले होते. शेवटी ८८ जणांनी दोन्हीकडे जायला नकार दिला आणि ते आपल्या सैन्याबरोबर जहाजाने भारतात आले.

एखादा उमेदवार युद्ध संपवण्याची योजना सांगतो तेव्हा या असल्या कामाचा त्यात उल्लेख तरी असतो का? सही झाल्यावर तारेच्या कुंपणाशी रात्रभर उभे कोण राहणार, हे कोणीतरी ठरवलेले असावे लागते. मी स्वतः सैन्यात बावीस वर्षे काढली आहेत, म्हणून मला ही बाजू आधी दिसते.

शेवंती :

कृष्णाकाठ यांनी १९६८ ची गोष्ट ५ नोव्हेंबरपर्यंत आणून थांबवली, पण तिचा सर्वांत गंभीर भाग सांगायचा राहिला. ३१ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक पूर्ण थांबवल्याचे जाहीर केले. आता पॅरिसला अमेरिका, उत्तर व्हिएतनाम, दक्षिण व्हिएतनाम आणि व्हिएतकाँग असे चौघे पक्ष एकत्र बसतील अशी आशा निर्माण झाली आणि हम्फ्री यांचे पारडे जड होऊ लागले. २ नोव्हेंबरला थिएउ यांनी जाहीर केले की आम्ही येणार नाही. निक्सन यांच्या प्रचाराशी संबंधित ॲना शेनॉल्ट या बाईंमार्फत दक्षिण व्हिएतनामच्या अमेरिकेतल्या राजदूताला निरोप जात होते की थांबा, आमच्या राज्यात तुम्हाला अधिक चांगले मिळेल. जॉन्सन यांना हे टेहळणीतून कळले होते, पण ते जाहीर करायचे तर टेहळणीही उघड करावी लागली असती, म्हणून ते गप्प राहिले. निक्सन यांनी फोनवर त्यांच्याकडे इन्कार केला. पुढे २०१७ च्या सुमारास त्यांचे सहकारी हाल्डेमन यांची ऑक्टोबर १९६८ ची हस्तलिखित टिपणे उजेडात आली, आणि शेनॉल्ट बाईंना कामाला लावून ठेवा, बोलण्यांत खीळ घालण्याचा आणखी काही मार्ग आहे का, अशा निक्सन यांच्या सूचना त्यांत सापडल्या.

तपशील न सांगण्याचे कारण म्हणून ज्या माणसाने पॅरिसच्या वाटाघाटींची काळजी पुढे केली, त्याच्याच बाजूने त्या वाटाघाटी अडवण्याचा प्रयत्न चालला होता. म्हणून मला वाटते की उमेदवाराची योजना वाचण्याआधी, आज चालू असलेल्या बोलण्यांशी तो कसा वागतो ते पाहावे. स्वतः निवडून येईपर्यंत युद्ध चालू राहण्यात ज्याचा फायदा आहे, त्याच्या शांततेच्या भाषेवर मी विश्वास ठेवणार नाही. हे लिहिताना मला राग येतो आहे आणि तो मी लपवत नाही.

तळटीप :

शेवंतीताई, राग समजतो, पण एक बाजू मांडतो. थिएउ यांना निरोप मिळाला नसता तरी ते आले असते असे म्हणता येत नाही. व्हिएतकाँगला स्वतंत्र पक्ष म्हणून समोर बसवणे हेच त्यांना मरणासारखे होते. ते बोलणीला तयार झाल्यावरही टेबल गोल असावे की चौकोनी यावर जानेवारी १९६९ पर्यंत आठवड्यांमागून आठवडे गेले. ती निव्वळ आडमुठेपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते; टेबलाच्या आकारावरून किती पक्ष आहेत हे ठरणार होते आणि सारे भांडण त्याचेच होते. निक्सन यांच्या गोटाने केले ते अक्षम्यच, परंतु त्यामुळेच शांतता हुकली असे म्हणणे पुराव्याच्या पुढे जाणे आहे.

आता मूळ कसोटीविषयी. सर्वांत स्पष्ट बोलणारा उमेदवार १९७२ साली उभा होता. जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी सांगितले की शपथविधीपासून नव्वद दिवसांत मी इंडोचायनातून सारे सैन्य परत आणीन आणि थिएउ सरकारचा पाठिंबा काढून घेईन. काय देणार हे याहून उघड कसे सांगायचे? ते पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत हरले. निवडणुकीच्या बारा दिवस आधी निक्सन यांचे सल्लागार किसिंजर यांनी शांतता हाताशी आली आहे असे जाहीर केले, आणि निवडणूक झाल्यावर डिसेंबरमध्ये हनोई आणि हायफाँगवर बारा दिवसांच्या मोहिमेत बी-५२ विमाने पाठवली गेली. कृष्णाकाठ यांच्या कसोटीवर पैकीच्या पैकी गुण मिळवणारा माणूस मतदाराने नाकारला असेल, तर दोष कसोटीचा की मतदाराचा?

कृष्णाकाठ :

तळटीप, मतदाराला दोष देऊन मी सुटका करून घेणार नाही. १९७२ च्या अखेरीस व्हिएतनाममधले अमेरिकन सैन्य साडेपाच लाखांवरून पंचवीस हजारांच्या आत आले होते आणि सक्तीची भरती संपत आली होती. घरातला मुलगा जाण्याची भीती ओसरली की युद्ध संपवण्याची घाईही ओसरते. निक्सन यांनी हे बरोबर ओळखले होते. त्यांच्या पहिल्या चार वर्षांत युद्ध संपले नाही, पण अमेरिकन घरांपुरते ते आटत गेले, आणि त्याच काळात ते कंबोडियात पसरले. एक प्रकारे मतदारांना जे हवे होते तेच मिळाले. मला सर्वांत अस्वस्थ करते ते हे. ज्या लोकांच्या गावांवर बॉम्ब पडत होते त्यांना या निवडणुकीत मत नव्हते, आणि उमेदवाराची पारख मत असलेल्यांच्या सोयीने होत होती.

मॅकगव्हर्न यांच्या योजनेत माझ्या मते एक खरी उणीव होती. काय देणार हे त्यांनी सांगितले, पण त्याच्या बदल्यात काय पदरात पडेल हे समोरच्याच्या मर्जीवर सोडले. कसोटीचा दुसरा अर्धा भाग तोच आहे.

अबोली :

मी नोकरीनिमित्त काही वर्षे बोगोटाला राहते, म्हणून कोलंबियाविषयी लिहिते. तिथली गोष्ट या चर्चेला अगदी नेमकी लागू पडते. २०१४ च्या निवडणुकीत अध्यक्ष सांतोस यांची फार्कच्या बंडखोरांशी हवानात बोलणी चालू होती आणि त्यांचे प्रतिस्पर्धी सुलुआगा त्या बोलण्यांच्या विरोधात होते. पहिल्या फेरीत सुलुआगा पुढे होते. दुसऱ्या फेरीत सांतोस सुमारे ५१ विरुद्ध ४५ टक्क्यांनी निवडून आले. बोलणी कोणत्या विषयांवर चालली आहेत याची यादी २०१२ पासूनच प्रसिद्ध होती: शेतजमीन, राजकारणातला सहभाग, युद्ध थांबवणे, अमली पदार्थ, पीडितांचे हक्क. मतदाराला देणे-घेणे कशाचे आहे ते दिसत होते.

आणि तरी २ ऑक्टोबर २०१६ च्या जनमतात करार पन्नास टक्क्यांहून किंचित अधिक मतांनी फेटाळला गेला. ‘शांतता हवी का’ या प्रश्नाला सांतोस यांना होकार मिळाला होता. पण बंदूक खाली ठेवलेल्या माणसाला संसदेत बसू द्यायचे, गुन्ह्याची कबुली दिली तर तुरुंगाऐवजी सौम्य शिक्षा द्यायची, हे कागदावर समोर आले तेव्हा अर्ध्या लोकांचे मन धजेना. माझ्या कार्यालयातल्या एका बाईंचा भाऊ फार्कने पळवून नेला होता. त्यांनी २०१४ ला सांतोस यांना मत दिले होते आणि २०१६ ला विरोधात. दोन्ही वेळा मी त्यांना विचारले नव्हते, त्यांनी आपणहून सांगितले. करारात दुरुस्त्या झाल्या, नोव्हेंबरमध्ये पुन्हा सह्या झाल्या आणि या वेळी तो लोकांऐवजी संसदेपुढे ठेवला गेला.

म्हणून पंचगंगांचे म्हणणे मला निम्मे पटते. आकडा आधी फोडू नये हे खरे. पण कोणत्या गोष्टींवर सौदा होणार हे तरी आधी सांगितले पाहिजे, नाहीतर लोक करार पाहताच बिथरतात.

पंचगंगा :

अबोलीताई, हा भेद मान्य. विषय उघड आणि आकडा झाकलेला, एवढ्यावर माझा आक्षेप मागे घेतो. एक ताजे उदाहरण जोडतो. युक्रेनचे युद्ध चोवीस तासांत थांबवीन असे ट्रम्प २०२४ च्या प्रचारात पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यात विषयही नव्हता आणि आकडाही नव्हता, नुसते घड्याळ होते. त्याआधी २०१९ साली खुद्द युक्रेनमध्ये झेलेन्स्की पूर्वेकडचे युद्ध थांबवण्याच्या आश्वासनावर सुमारे ७३ टक्के मतांनी निवडून आले होते. त्यांची तळमळ खोटी होती असे मला वाटत नाही. त्या डिसेंबरात ते पॅरिसला पुतिन यांच्यासमोर बसलेही. पण समोरच्याला जे हवे होते ते देण्याजोगे नव्हते.

माणदेश :

दूरदेशी काका, तुमच्या खोलीतल्या त्या मुलाचे पुढे काय झाले? विचारू नये असे असेल तर उत्तर देऊ नका.

दूरदेशी :

माणदेश, विचारलेत ते बरे केलेत.

१९६८ च्या नोव्हेंबरात त्याला मत नव्हते. तेव्हा जवळजवळ सर्व राज्यांत मताधिकार एकविसाव्या वर्षी मिळे, आणि भरतीचे बोलावणे त्याआधीच येई. अठराव्या वर्षी मत देणारी घटनादुरुस्ती १९७१ ला झाली. १ डिसेंबर १९६९ ला भरतीची सोडत दूरचित्रवाणीवर दाखवली. काचेच्या मोठ्या बरणीतून निळ्या कुप्या काढून त्यांतली जन्मतारीख वाचत होते. त्याची तारीख शंभराच्या आत निघाली. त्या वर्षी १९५ क्रमांकापर्यंत बोलावले गेले. शिक्षणासाठी मिळालेली सवलत होती तोवर तो सुरक्षित होता, पण वडील आजारी पडले, शेती पाहायला तो १९७० च्या सुरुवातीला विद्यापीठ सोडून गेला आणि सवलत गेली. वर्षभर व्हिएतनामात राहून तो १९७१ च्या अखेरीस परत आला.

१९७२ ला त्याने आयुष्यातले पहिले मत दिले. मी तेव्हा शिकागोला नोकरीला होतो. नागरिक नसल्याने मला मत नव्हते, पण तो मॅकगव्हर्न यांनाच मत देईल असे मी धरून चाललो होतो. त्याने फोनवर सांगितले की निक्सन. मी कारण विचारले. त्याच्या तुकडीतला एक जण बेपत्ता होता. तो म्हणाला, ‘नव्वद दिवसांत आम्ही निघून आलो तर तुरुंगातल्यांना सोडतील हे कशावरून? कोणी सांगितलेच नाही.’ कैदी एक दिवस जरी आधी सुटणार असतील तर हनोईला जाऊन याचना करीन, असे मॅकगव्हर्न म्हणाले होते, आणि ते ऐकूनच याचे मन उडाले होते. कृष्णाकाठ, आपण ज्याला कसोटीचा दुसरा अर्धा भाग म्हणता, तोच त्याने तेव्हा विचारला होता, हे आपला प्रतिसाद वाचताना माझ्या ध्यानात आले.

१९७३ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ५९१ कैदी परत आले. वर्तमानपत्रांत नावांच्या याद्या छापून येत. तो गावाकडून मला फोन करी आणि आम्ही दोघे आपापल्या वर्तमानपत्रातली यादी ओळीने वाचत असू, एखाद्या पत्रात नाव गाळले गेले असेल म्हणून. शेवटची यादी एप्रिलच्या सुरुवातीला आली. ते नाव त्यात नव्हते.